ओळंब्याच्या खुर्च्या

होडीतली जुनी खुर्ची मोडली ती ओळंब्याच्या बायकोच्या खाली, आणि तेही तिच्या दोन बहिणींच्या देखत. प्लॅस्टिकची खुर्ची, वर्षानुवर्षं ऊन खाऊन ठिसूळ झालेली. बायको बसली, खुर्ची मधोमध तडकली, ती सावरून उठायला गेली आणि तडकलेल्या दोन कडा पुन्हा मिटल्या. चिमटा अशा जागी बसला की डॉक्टरला दाखवायचीही सोय नव्हती. बायको होडी काठाला लागेपर्यंत उभी राहिली, काठाला लागल्यावर उतरली आणि चालत घरी गेली. मागून बहिणी तोंडाला हात लावून गेल्या. ओळंबा होडीत एकटाच उरला, हातात खुर्चीचा तुकडा घेऊन.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो गवंडी होता, आता निवृत्त. भिंत सरळ उठते आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात, त्याला म्हणतात ओळंबा. हा माणूस त्या दोरीच्या वरताण. दुसऱ्याच्या घरी गेला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग घरच्यांकडे बघणार. एकदा कुणाच्या तरी मयतानंतर भेटायला गेला होता, तिथे सगळे डोळे पुसत असताना हा उठला आणि गेलेल्या माणसाचा फोटो दोन केस डावीकडे सरकवून आला. नाव तेव्हा कायमचं चिकटलं. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा बोटभर लांबीची लेव्हल ठेवायचा. काचेच्या नळीत थोडं पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की ओळंब्याच्या जिवाला बरं वाटे.

घर त्याने स्वतः बांधलं होतं. त्या घरात गोटी जमिनीवर ठेवली तर ठेवल्या जागी राहायची. स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक लाकडी बाक होता, तोही त्यानेच केलेला, पाठ आणि बैठक यांच्यात असा चोख काटकोन की त्यावर बसलेला माणूस शिक्षा झाल्यासारखा दिसे. घरातली निम्मी जेवणं त्या बाकावर झाली. त्यावर रेलून बसलेलं कुणाला कुणी पाहिलं नव्हतं.

बायको पोस्टात होती. सगळी नोकरी खिडकीमागच्या स्टुलावर गेली. तीही निवृत्त झाली, आणि मग दोघांच्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून आपण दोघं दिवसाउजेडी एका घरात फारसे कधी नव्हतोच. तो साइटवर, ती खिडकीत. आता दोघंही घरात, आणि बोलायला विषय नाही. सकाळचा चहा झाला की ती भाजी निवडायची, तो दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा. दुपारी ती उठून बहिणीकडे जायची. बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि या दोन गल्ल्या ओळंब्याला फार खुपायच्या.

म्हणून त्याने होडी घेतली. जुनी, लहान, मागे छोटं इंजिन. लोकांना सांगताना म्हणाला, हवा खायला. खरं कारण असं होतं की बायकोबरोबर निवांत बसायचं तर त्याला तळ्याच्या मध्यावरची जागा हवी होती, कारण तिथून ती उठून बहिणीकडे जाऊ शकत नव्हती. चारदोन वेळा गेलेही दोघं. काही फार बोलले नाहीत, पण एकदा तिने पाण्यात हात बुडवून ठेवला आणि हसली. त्या हसण्यावर ओळंब्याने पुढचा सगळा हिवाळा काढला. आणि मग एके दिवशी बहिणींना हौसेने फिरवायला नेलं, आणि खुर्ची तडकली.

"ती होडी विकून टाका," दुसऱ्या दिवशी ती चहा गाळता गाळता म्हणाली.

"अगं, खुर्ची मोडली. होडी शाबूत आहे."

"मी काय होडीला टांगून घेऊ का स्वतःला?"

"नवीन खुर्च्या बसवतो."

बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात तो खरंच जाऊन आला. तिथल्या खुर्च्या पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत, फिरत्या. किंमत ऐकून त्याने दुकानदाराला पुन्हा विचारलं की ही एका खुर्चीची की सगळ्या रांगेची. एका खुर्चीच्या पैशात त्याची होडी इंजिनासकट आली असती. तो दुकानातून निघाला, जाता जाता काउंटरवरची पाटी सरळ केली आणि घरी येऊन म्हणाला, "मी करतो."

तिने भाजीचं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही केलेल्या बाकावर मी बसतेच आहे इतकी वर्षं," ती म्हणाली. "बरं. करा. एकदा बसेन. माझी पाठ दुखली, मला घसटलं, टोचलं, चिमटलं, काहीही झालं, तर होडी समोरच्या सलूनवाल्याला विकायची. मी त्याला तसं सांगून ठेवते. बसण्यातलं मला कळतं. जन्मभर बसून पगार घेतलाय मी."

ओळंब्याने मान हलवली. ही बाई पोस्टातली. खिडकी बंद व्हायची वेळ झाली की समोर सख्खा भाऊ उभा असला तरी ती खिडकी बंद करायची. तिने एकदा म्हटलं की म्हटलं.

सलूनवाला समोरच राहायचा. त्याचा डोळा होडीवर पहिल्यापासून होता. दर रविवारी तो अंगणात येऊन होडीच्या अंगावरून हात फिरवायचा, जसा गिऱ्हाइकाच्या गालावरून दाढी नीट झाली का बघायला फिरवतात. अट ऐकल्यावर तो अगदी मदतीला धावून आला. आज ना उद्या होडी आपल्याच दारात येणार, मग तिच्यात खुर्च्या चांगल्या असलेल्या बऱ्या, असा त्याचा सरळ हिशेब.

"मिस्त्री, एक सांगू?" तो म्हणाला. "खुर्ची मागे कलती पाहिजे. माझ्या सलूनात बघा. गिऱ्हाईक टेकलं की डोळे मिटतं."

"मागे कललेल्या खुर्चीत माणूस गळ्याला वस्तरा लावून घ्यायला बसतो," ओळंबा म्हणाला. "खुर्ची लेव्हलमध्ये पाहिजे."

होडी अंगणात ट्रेलरवर उभी होती. तिचं पुढचं टोक घराकडे, इंजिनाची बाजू फाटकाकडे. पावसाचं पाणी फाटकाकडे वाहून जावं म्हणून अंगणाच्या फरशीला उतार होता, आणि तो उतार खुद्द ओळंब्याने दिलेला, ज्याचं कौतुक तो आल्यागेल्याला सांगायचा. शिवाय होडीत साचलेलं पाणी मागच्या बुचाच्या भोकातून निघून जावं म्हणून त्यानेच ट्रेलरच्या पुढच्या बाजूला दोन विटा सारल्या होत्या. थोडक्यात, होडीचं नाक चांगलंच वर होतं. हे त्याला ठाऊक होतं. त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

कामाला लागताना त्याने जे आयुष्यभर केलं तेच केलं. खिशातली लेव्हल काढून होडीच्या तळावर ठेवली. बुडबुडा धावत एका टोकाला गेला.

"बघ!" त्याने खिडकीतल्या बायकोला हाक मारली. "तळच वाकडा! काय लोक आहेत. पाण्यावर कोण लेव्हल बघतो, म्हणून वाटेल ते करतात."

आता गवंड्याचं एक असतं. जमीन कधीच सरळ नसते, तिच्यावर भरवसा टाकायचा नाही. भरवसा फक्त बुडबुड्यावर. ज्या साइटवर गेला तिथली जमीन वाकडी होती आणि बुडबुडा खरा होता. इतक्या वर्षांत बुडबुड्याने त्याला एकदाही दगा दिला नव्हता. त्यामुळे होडीही एक साइटच आहे, फक्त ती नंतर पाण्यात जाणार आहे, हा एवढासा फरक त्याच्या ध्यानात आला नाही.

सामान जमवायला पैसा फारसा लागला नाही. एका जुन्या ठेकेदाराकडे स्लॅब भरताना वापरलेला जाड प्लाय पडून होता. त्याला सिमेंटचे ठिपके होते, पण पाणी पिऊन पिऊन टिकलेला, अजून भिजायला तयार. ओळंब्याने तो घासून त्याला तेलपाणी केलं. खालची रचना साधी ठरवली: प्रत्येक खुर्चीला तळाशी घट्ट बसवलेली एक पेटी, आत सामान राहील अशी, आणि पेटीवर बैठक आणि पाठ मिळून वरचा भाग, चार बोल्टांनी जोडलेला. बोल्टांना दोन कानांचे नट, म्हणजे हातानेच फिरवून वरचा भाग काढता यावा आणि पावसात घरी नेता यावा. एक खुर्ची मागे इंजिनाजवळ, त्याची. एक तिच्या पुढे, बायकोची. दोन्हींची तोंडं पुढे, बसमध्ये असतात तशी.

पेट्या करताना त्याने तळाचा "वाकडेपणा" दुरुस्त केला. पुढची बाजू बुटकी कापली, मागची उंच ठेवली. रंधा मारला, लेव्हल ठेवली, पुन्हा रंधा मारला. शेवटी बुडबुडा असा मधोमध उभा राहिला की ओळंब्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. बोल्टांची भोकं पाडतानाही त्याने भुईवर घर आखताना करतात तसं केलं, दोन्ही कर्ण मोजले, एका केसाचाही फरक ठेवला नाही. चार भोकांसाठी इतका खटाटोप बघून सलूनवाला म्हणाला, "मिस्त्री, खुर्ची आहे, देऊळ नाही." ओळंब्याने कर्ण पुन्हा एकदा मोजले.

फोम पाहुण्यांच्या गादीतून आला. पाहुणे येऊन जमाना झाला होता, आणि आले तर ते बाकावर बसतील असं ठरलं. राहिलं वरचं कापड. रेक्झिन महाग. सलूनवाल्याने आपल्या दुकानावरचा जुना फ्लेक्स आणून दिला. त्यावर एका देखण्या पुरुषाचा दारभर उंच चेहरा होता, केस मागे वळवलेले, दात दिसताहेत. पाणी आत जात नाही, ऊन खातो, फुकट मिळतो. आणखी काय पाहिजे? मागची कोरी बाजू वर घ्यायची असं आधी ठरलं, पण ती खरखरीत निघाली. मग चेहराच वर आला.

ओळंब्याने टाके घालायला सुरुवात केली. पहिली शिवण बायकोने लांबून पाहिली आणि तिला राहवलं नाही. शिवण सरळ होती, पण ती गोणपाटाची शिवण होती.

"द्या इकडे." तिने मशीन बाहेर काढलं. "मी शिवते, याचा अर्थ मी खूश आहे असा नाही."

"बरं."

"आणि याचा अर्थ मी बसेन एकदाच."

"बरं म्हटलं ना."

ती शिवत होती आणि तो फ्लेक्सचं दुसरं टोक धरून समोर बसला होता. तिने "ओढा" म्हटलं की ओढायचं, "सोडा" म्हटलं की सोडायचं. दुपारभर ती बहिणीकडे गेली नाही. ओळंब्याला मनातून वाटलं की फ्लेक्स अजून थोडा मोठा असता तर बरं झालं असतं. शेवटी त्या देखण्या पुरुषाचे डोळे बायकोच्या खुर्चीच्या पाठीवर आले आणि हसरे दात तिच्या बैठकीवर. ओळंब्याच्या वाट्याला केस आले, आणि कोपऱ्यात कटिंगचे दर.

रविवारी सलूनवाल्याने आपली गाडी आणली आणि ट्रेलर जोडला. होडी तळ्यावर न्यायला त्याने एक पैसा घेतला नाही. परत येताना ती थेट आपल्या दारात लावायची, एवढीच त्याची तयारी होती. त्यासाठी त्याने सकाळीच दारातली कुंड्यांची रांग हलवून जागा केलेली ओळंब्याने पाहिली होती. बायकोने टोपी घातली आणि गाडीत सरळ ताठ बसली.

धक्क्याच्या उतारावर ट्रेलर मागे मागे पाण्यात गेला. होडी अजून ट्रेलरवरच होती, नाक वर. बायको चढली आणि आपल्या खुर्चीत बसली. ओळंबा बघत होता. ती जरा इकडे सरकली, जरा तिकडे. मग तिने पाठ लावली.

"ठीक आहे," ती म्हणाली.

ओळंब्याला आकाश ठेंगणं झालं. तो मागे जाऊन बसला, सलूनवाल्याने दोरी सोडली, होडी ट्रेलरवरून सुटली, पाण्यावर तरंगली, आणि तिचं नाक खाली आलं.

काय झालं ते सगळ्यात आधी ओळंब्याच्या बुडाला कळलं. ते हळूच पुढे निघालं. त्याने पाय रोवले. समोर बायकोच्या खांद्यांकडे पाहिलं. तेही पुढे निघाले होते. तिने होडीचा काठ धरला, मागे सरकून बसली, आणि पुन्हा पुढे आली. फ्लेक्स नवा शिवलेला, गुळगुळीत, त्यात दात. ओळंब्याने गुपचूप खिशातली लेव्हल काढून मांडीशेजारी ठेवली. बुडबुडा पळत जाऊन मागच्या टोकाला चिकटला.

त्याच्या डोळ्यांसमोर अंगण उभं राहिलं. तो उतार. त्या दोन विटा. आयुष्यात त्याने कितीतरी मुकादमांना, ठेकेदारांना, एकदा तर एका इंजिनीअरला चारचौघांत वाकडेपणावरून झापलं होतं. ते सगळे त्या क्षणी त्याला आठवले, आणि सगळे हसत होते. धक्क्यावर सलूनवाला उभा होता आणि हात हलवत होता.

ओळंब्याने दुसरं काही न सुचून इंजिन जोरात चालू केलं. आणि चमत्कार झाला. लहान होडी, मागे इंजिन, मागे ओळंबा. वेग घेताच मागची बाजू दबली आणि नाक वर आलं, अंगणात होतं तितकंच. खुर्च्या सरळ झाल्या. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन उभा राहिला. बायको मागे टेकली आणि तिने टोपी धरली.

मग काय, ओळंब्याने वेग कमी केलाच नाही. होडी नाक वर करून, फुरफुरत, तळ्याला फेरी घालून आली. मग दुसरी घातली. किनाऱ्यावर गळ टाकून बसलेली माणसं पहिल्या फेरीला ओरडली, दुसऱ्या फेरीला उठून उभी राहिली. बदकं एव्हाना गवतात गेली होती.

"अहो!" बायको ओरडली. "आपण कुठे चाललोय?"

"कुठे नाही!"

"मग एवढी घाई कसली?"

ओळंब्याने इंजिनाचा दांडा आणखी घट्ट धरला. त्याची नजर बुडबुड्यावर. एवढंच की पेट्रोल त्याने काटकसरीने भरलं होतं, एका शांत फेरीपुरतं. तळ्याच्या ऐन मध्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. होडीचं नाक सावकाश खाली आलं. बायको सावकाश पुढे घसरली, गुडघे टेकायच्या बेतात आली तशी तिने काठ धरला, आणि तशीच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तोही अर्धा खुर्चीवर आणि अर्धा खाली होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

खोटं बोलणं ओळंब्याला जमत नसे. ते वाकडं काम.

"अंगणाला उतार आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"खुर्च्या अंगणात लेव्हलमध्ये आहेत. इथे नाहीत." त्याने घसा साफ केला. "आणि विटाही होत्या."

तिने काठावरची पकड न सोडता खुर्चीखाली वाकून पाहिलं. पाणी होडीला हळूहळू थापटत होतं. ओळंब्याने मनात होडी देऊन टाकली. ट्रेलर समोरच्या दारात लागलेला त्याला दिसला, आणि दुपारची ती दोन गल्ल्यांची वाट दिसली, आणि भाजी निवडून झाल्यावरची घरातली शांतता ऐकू आली. मोडलेल्या खुर्चीचं दुःख त्याला इतकं झालं नव्हतं. ह्या खुर्च्या त्याने स्वतः केल्या होत्या, आणि अगदी मन लावून केल्या होत्या.

"हे काढता येतं ना?" बायकोने खुर्चीखालच्या नटांकडे बोट केलं.

"येतं. पण तळ तर असाच राहणार. पेटी कापायला पाहिजे, घरी..."

"काढा."

तो रांगत पुढे गेला. दोन कानांचे नट हातानेच निघाले. तिने वरचा भाग उचलला, होडी डगमगली, दोघं एकमेकांना धरून स्थिर झाले, आणि तिने खुर्ची उलटी फिरवून पेटीवर ठेवली, तोंड मागे, पाठ पुढे. दुसऱ्या कुणी केली असती तर भोकं जुळली नसती. पण ओळंब्याने दोन्ही कर्ण मोजले होते. चारही बोल्ट गपकन भोकांत बसले.

"कसे बसले बघ," तो म्हणाला. एवढ्यातही त्याला राहवलं नाही.

तिने नट आवळून घेतले आणि ती बसली, आता त्याच्याकडे तोंड करून. पेटी मघासारखीच पुढे उतरत होती, पण खुर्ची उलटी झाल्यामुळे तो उतार आता तिच्या पाठीकडे गेला. ती मागे गेली. आणखी मागे गेली. खांदे टेकले, मग मान टेकली. त्या देखण्या पुरुषाचे डोळे तिच्या खांद्यांवरून वर डोकावत होते. तिचे पाय आपसूक लांब झाले आणि ओळंब्याच्या पायांना लागले. तिने ते मागे घेतले नाहीत.

तिने डोळे मिटले.

ओळंबा घाबरला. "काय झालं? दुखतंय का?"

"गप्प बसा जरा."

तो गप्प बसला, म्हणजे घसरत, पाय रोवत, पुन्हा वर सरकत बसला. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि टोपी नाकापर्यंत आली होती. तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ होती, लग्नानंतर लवकरच आलेली. ओळंब्याला ती तिचा स्वभावच वाटायची. ती रेघ आता दिसत नव्हती.

"ऑफिसात सरळ बसले," ती डोळे न उघडता म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती नुसती सांगत होती. "तिथून घरी आले की तुमच्या त्या बाकावर सरळ बसले. जेवताना सरळ, पोरांना पाजताना सरळ. मला वाटायचं बसणं म्हणजे हेच. पाठ टेकली अशी कधी नाहीच हो मी."

त्याला त्या बाकाचा अभिमान होता. पाहुण्यांना तो बाकाला गुण्या लावून दाखवायचा, म्हणजे गवंड्याचा काटकोन, आणि पाहुणे मान डोलवायचे. त्या बाकावर बायको कशी बसते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं.

"मला सांगायचंस," तो म्हणाला.

"मला तरी कुठे माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने होडीच्या तळाशी पडलेलं वल्हं घेतलं आणि होडी काठाकडे वळवली. वल्हं मारलं की तो पुढे घसरायचा, मागे सरकायचा, पुन्हा मारायचा. ती टोपीखालून बघत होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. पाण्यात हात घालून जशी हसली होती तशी नव्हे. चांगली पोट धरून हसत होती.

धक्क्यावर सलूनवाला गुडघाभर पाण्यात येऊन थांबला होता. त्याने उलटी फिरवलेली खुर्ची पाहिली, घसरून लाल झालेला ओळंबा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"काय वहिनी? ठरल्याप्रमाणे ना?"

"ठरल्याप्रमाणे," ती पडल्या पडल्या म्हणाली. "दुखलं नाही, टोचलं नाही, चिमटलं नाही. कुंड्या परत लावून घ्या."

सलूनवाल्याने खुर्चीचा कल डोळ्यांनी मोजला. "मी म्हटलं नव्हतं, मागे कलती पाहिजे?" असं म्हणून त्याने दोरी ओढली. पेट्रोलचे पैसे मात्र त्याने मागितले.

ओळंबा होडीतून उतरला आणि अंगातलं सगळं अवसान गोळा करून म्हणाला, "उद्याच पेट्या कापतो. पाण्यावर नेऊनच लेव्हल लावतो. दोन्ही खुर्च्या अशा सरळ करतो की..."

तिने टोपी वर केली आणि एक डोळा उघडला.

"तुमची करा. तुम्हाला सवय आहे," ती म्हणाली. "माझीला हात लावलात तर होडी विकेन."

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ती भाजी निवडायला बाकावर बसली. ओळंबा बिजागऱ्यांकडे गेला नाही. तो करवत घेऊन आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"ऊठ जरा."

ती उठली. त्याने बाक भिंतीपासून ओढून उलटा केला आणि मागच्या दोन पायांवर करवत ठेवली. मग सवयीने त्याचा हात खिशाकडे गेला. लेव्हल तिथेच होती. त्याने ती काढली, जरा वेळ हातात धरली आणि शेजारच्या फडताळावर ठेवून दिली. कापला तो अंदाजाने. आयुष्यात पहिल्यांदा तो डोळ्यांच्या अंदाजाने लाकूड कापत होता.

बाक सरळ केला. ती बसली, मागे टेकून पाहिलं. पाठ भिंतीकडे थोडी गेली. निवडलेल्या भाजीचं ताट तिने मांडीवर घेतलं, ते कललं, तिने शेजारी ठेवून दिलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.

ती उठली आणि ओळंब्याने करवत पुन्हा उचलली.